ट्रायपॉड लावूनही रात्रीचे फोटो धूसर येतात? आधी दिव्याचा ठिपका बघा

दिवसा काढलेले फोटो खणखणीत येतात. अंधार पडला की तोच कॅमेरा, तीच लेन्स, खाली ट्रायपॉड, आणि तरी सगळं धूसर. कोणीतरी एक उपाय सांगतं, तो केला की दोन-चार फोटो बरे येतात, आपण खूश होऊन ते चार जणांना पाठवतो, आणि पुढच्या खेपेला ये रे माझ्या मागल्या. पहिला डीएसएलआर घेतल्यावर मी या चक्रात जवळजवळ वर्षभर गरगरत होते.

माझ्याकडे कॅनन १५००डी, सोबत मिळालेली १८-५५ची किट लेन्स आणि फोंड्यात घेतलेला बऱ्यापैकी ट्रायपॉड. पहिला मोठा पचका ८ डिसेंबरचा. पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चचं फेस्त, म्हणजे वार्षिक सण. पांढरंशुभ्र चर्च, समोर नागमोडी जिना आणि सगळ्यावर दिव्यांची रोषणाई. चौकात उभं राहून चाळीसेक फोटो काढले. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर एकेक फोटो असा दिसत होता की कॅलेंडरवर छापावा. घरी लॅपटॉपवर उघडले तर जिन्याच्या पायऱ्या एकमेकींत विरघळलेल्या.

मग सल्ले सुरू झाले. लेन्स बदल. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घे. एडिटिंगमध्ये शार्पनेस वाढव. हे सांगणाऱ्यांपैकी एकानेही फोटो मोठा करून पाहिला नव्हता. पाहिला तो फोंड्यातल्या एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांनी. लग्नं आणि शाळांचे ग्रुप फोटो फिल्मवर काढण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी फोटो ताणत ताणत एका बल्बपाशी नेला आणि विचारलं, "बाय, हा दिवा गोल आहे की लांबट?"

लांबट होता. प्रत्येक बल्बला उजवीकडे खाली वळलेली एक बारीक शेपटी. फोटोतल्या शंभर बल्बना शंभर सारख्या शेपट्या.

"मग लेन्सला कशाला शिव्या देतेस? कॅमेरा हललाय."

एवढ्या एका प्रश्नानं माझं पुढचं सगळं शिकणं बदललं. धूसर फोटो हे तापासारखं लक्षण आहे. ताप मलेरियाचाही असतो, सर्दीचाही असतो, आणि एक गोळी सगळ्यांवर चालत नाही. माझी समस्या पुन्हा पुन्हा का येत होती, तर ती तीच समस्या नव्हती. एकदा कॅमेरा हललेला, पुढच्या वेळी फोकस चुकलेला, त्याच्या पुढच्या वेळी काचेवर वाफ. मी मात्र दर वेळी मागच्या खेपेचंच औषध देत होते.

ठिपका वाचायचा कसा

रात्रीच्या फोटोत कुठे ना कुठे एक लहान, लांबचा दिवा असतोच. रस्त्यावरचा खांब, होडीतला कंदील, डोंगरावरच्या घराचा बल्ब. नसेल तर फ्रेम थोडी सरकवून निदान पहिल्या फोटोत तरी तो घ्या. फोटो काढल्यावर पडद्यावर तो पूर्ण मोठा करा. पडदा तीन इंचाचा आणि फोटो २ कोटी ४० लाख पिक्सेलचा, तेव्हा मोठा न करता "छान आलाय" म्हणणं म्हणजे शितावरून नव्हे, नुसत्या वासावरून भाताची परीक्षा.

दिव्याला शेपटी, आकडा किंवा नागमोडी रेघ आली असेल, आणि फ्रेममधल्या सगळ्या दिव्यांची रेघ सारखीच असेल, तर कॅमेरा हलला. दिवा फुगून गोल चकती झाला असेल, कडा मऊ पण आकार नीट गोल, तर फोकस चुकला. दिव्याचा गाभा टोकदार आहे पण भोवती खळं पडलंय आणि सगळा फोटो दुधाळ झालाय, तर काचेवर वाफ, मीठ नाहीतर बोटाचा ठसा. खऱ्या दिव्याच्या समोरासमोर, फ्रेमच्या मध्यातून पलीकडे, हिरवट भुतासारखा दुसरा दिवा तरंगतोय, तर तो फिल्टरचा प्रताप. आणि इमारत स्वच्छ, दिवे स्वच्छ, फक्त होडी फराटलेली, तर तुमची काही चूक नाही, होडी हलत होती.

कॅमेरा हलतो तेव्हा

हातात धरून किती हळू शटर चालेल, म्हणजे ते किती वेळ उघडं राहिलेलं चालेल, याचा अंदाज सोपा आहे. किट लेन्स ज्या झूमवर आहे त्या आकड्याला (१८ ते ५५ मिलिमीटर) १.६ ने गुणायचं, निकॉन असेल तर १.५ ने, आणि तो आकडा एकाखाली लिहायचा. १८ला साधारण १/३० सेकंद, ५५ला १/९०. लेन्समधला थरथर कमी करणारा स्टॅबिलायझर चालू असेल तर यापेक्षा थोडं हळू जमतं. पण चर्चच्या रोषणाईला आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १०० आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं) एफ ८ ठेवलं की दोन-चार सेकंद लागतात. तिथे हात कितीही स्थिर असला तरी बात नाही. त्यामुळे ट्रायपॉड.

गंमत अशी, की माझा त्या दिवशीचा कॅमेरा ट्रायपॉडवरच होता आणि स्टॅबिलायझरमुळेच फोटो बिघडला होता. किट लेन्सच्या डाव्या अंगाला स्टॅबिलायझरचा एक बारीक खटका असतो. लेन्सच्या आत एक भिंग हाताच्या थरथरीच्या उलट दिशेने हलवून थरथर मारायची, असं स्टॅबिलायझरचं काम. कॅमेरा ट्रायपॉडवर निश्चल बसला की मारायला थरथरच नाही. मग काही लेन्सेस नसलेली थरथर शोधत बसतात, आणि दोन-चार सेकंदांत ते भिंग आतल्या आत भरकटतं. नव्या लेन्सेसपैकी काहींना ट्रायपॉड ओळखता येतो, सगळ्यांना नाही. ट्रायपॉडवर ठेवलात की खटका बंद, हा नियम पाळलेला बरा. निकॉनच्या काही किट लेन्सेसवर हा खटका दिसतच नाही, तिथे व्हीआर (निकॉनचा स्टॅबिलायझर) मेनूत जाऊन बंद करावं लागतं. आणि घरी आलात की परत चालू करा. मी विसरले होते, आणि भाचीच्या बारशाचे फोटो त्यात गेले. ती गोष्ट बहिणीपुढे काढू नये.

शटर बोटानं दाबायचं नाही, दोन सेकंदांचा टायमर लावायचा. आणखी एक झटका आरशाचा. व्ह्यूफाइंडरमधून बघून फोटो काढतो तेव्हा आतला आरसा फटकन वर जातो, आणि शटर साधारण १/१५ ते १ सेकंद असेल तर तो झटका फोटोत उतरू शकतो. वीस सेकंदांच्या फोटोत त्याचा हिस्सा इतका थोडा की दिसत नाही. माझ्या कॅमेऱ्यात लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून फोटो काढताना, आरसा आधीच वर असतो, त्यामुळे तो प्रश्नच मिटतो.

एवढं सगळं करूनही बाणस्तारीच्या पुलावर माझा पुन्हा पचका झाला. पौर्णिमेच्या रात्री कुंभारजुव्याच्या खाडीवर चांदणं पडलेलं, दोन्ही काठांना खारफुटी, आणि खाली पाण्यात मानगे, म्हणजे मगरी, असणारच या विचारानं भाचा कठड्यापासून चार हात लांब. तेरा फोटोंपैकी चार स्वच्छ, नऊ फराटलेले. सगळं जसंच्या तसं ठेवूनही असं का, ते कळेना. शेजारी गळ टाकून बसलेला एक बाब हसला. "ट्रक गेलो काय पूल हालता मरे." खरंच, हात कठड्यावर ठेवला तर फोंड्याकडून येणारा प्रत्येक ट्रक तळव्याला कळत होता. तेव्हापासून पुलावर असले की रस्ता रिकामा होईपर्यंत थांबते, किंवा सरळ काठावर उतरते. तरंगत्या धक्क्यावर तर ट्रायपॉड लावूच नये. तिथे आपण पाण्यावरच उभे असतो.

मिरामारच्या वाळूतही हेच. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते, ती ट्रायपॉडच्या पायाखालचीही नेते. दहा सेकंदांत कॅमेरा केसभर कलतो आणि समोरच्या आग्वादच्या बाजूचे दिवे सगळे तिरक्या रेघा होतात. ओल्या वाळूत पाय दाबून, हलवून, आणखी दाबून घ्यायचे आणि लाटेच्या वाटेतून बाहेर राहायचं. ट्रायपॉडचे खालचे बारीक भाग शक्यतो उघडू नका, मधला दांडा वर काढू नका. वारा असेल तर मधल्या हुकला पिशवी अडकवतात, पण ती नुसती लोंबकळत ठेवली तर वाऱ्याने तीच झोके घेते. जमिनीला टेकेल अशी बांधा. घरी आल्यावर पाय गोड्या पाण्यानं धुवायचे. मी आळस केला होता, आता एका पायाचं कुलूप पक्कडीशिवाय उघडत नाही.

फोकस: अंधारात कॅमेराही आंधळाच

कॅमेरा हलण्याचा बंदोबस्त झाल्यावर माझे फोटो महिनाभर छान आले आणि मग पुन्हा बिघडले. या वेळी ठिपक्याला शेपटी नव्हती, तो फुगला होता.

ऑटोफोकसला कडा लागते, म्हणजे उजेड आणि काळोख यांच्यामधली ठळक सीमा. अंधारात ती सापडत नाही, मग लेन्स पुढे-मागे घरघरत राहते आणि शेवटी कुठेतरी थांबते. कधीकधी हिरवा ठिपका लावून बीपसुद्धा देते. त्या बीपवर विसंबू नका. आणि जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की फोकस अनंतावर ठेवा. किट लेन्सवर ते चिन्हच नाही. रिंग शेवटपर्यंत फिरवली तर ती अनंताच्याही पलीकडे जाते आणि सगळा फोटो हलकासा मऊ होतो. तो इतका फसवा असतो की छोट्या पडद्यावर पत्ता लागत नाही.

मी जे करते ते सांगते. लेन्सवरचा खटका एएफवरून (ऑटोफोकस) एमएफवर (हाताने फोकस). लाइव्ह व्ह्यू चालू. भिंगाचं चित्र असलेलं बटण दाबून आधी पाचपट, मग दहापट मोठं करायचं, आणि चौकट लांबच्या एका दिव्यावर न्यायची. पडद्यावर रवाळ, थरथरतं चित्र दिसतं. आता किट लेन्सच्या अगदी टोकाची ती अरुंद रिंग दोन बोटांत धरून हळूहळू फिरवायची. दिवा आधी वाटीएवढा दिसतो, मग लिंबाएवढा, मग वाटाण्याएवढा, आणि एका जागी मोहरीएवढा होतो. तिथे थांबायचं नाही. आणखी किंचित फिरवायचं, म्हणजे तो पुन्हा फुगायला लागतो, मग परत मागे यायचं. दोन्ही बाजूंनी फुगलेला पाहिल्याशिवाय मोहरी खरी कुठे होती ते कळत नाही. पहिल्यांदा मला याला पाच मिनिटं लागली, आता अर्ध्या मिनिटात होतं.

समोर दिवाच नसेल तर भाच्याला टॉर्च देऊन पाठवते. तो देवळाच्या पायरीपाशी, नाहीतर ज्या झाडाचा फोटो हवा त्याच्या बुंध्याशी टॉर्च माझ्याकडे करून उभा राहतो, मी त्या उजेडावर मोहरी साधते, मग तो पळत परत येतो. "मावशी, झाली का मोहरी?" हा आमच्याकडे आता परवलीचा शब्द झाला आहे.

मोहरी साधल्यावर झूम हलवायचा नाही. किट लेन्समध्ये झूम बदलला की फोकस सरकतो, १८ वर साधलेला फोकस ३५ वर टिकेलच असं नाही. आणि ती रिंग इतकी सैल असते की फिल्टर किंवा झाकण लावताना धक्का लागला तरी फिरते. मी इलेक्ट्रिकलवाल्याची काळी टेप दोन बोटं लांब कापून रिंगवर चिकटवते. दिसायला गावठी आहे, पण काम चोख होतं. टेप काढून त्याच रात्री डिंक पुसून घ्या, उकाड्यात तो पसरतो.

वाफ, म्हणजे आपल्याकडचं खास दुखणं

फोटोग्राफीचे व्हिडिओ बघून शिकलेल्याला हे कोणी सांगत नाही, कारण ते सांगणारे बहुतेक कोरड्या थंड देशांतले. तिथे थंड बाहेर असतं आणि ऊब घरात. आपल्याकडे उलट.

ऑक्टोबरचा महिना होता. पणजीहून एसी गाडीतून मंगेशीला आले, दिवे लागणीची वेळ. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ आणि मागचं निळं आकाश हवं होतं. ते निळं आकाश सूर्यास्तानंतर जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकतं, आपल्याकडे संध्याकाळ रेंगाळत नाही. गाडीतून उतरले, घाईघाईने कॅमेरा काढला, मोहरी साधायला गेले तर पडद्यावर मोहरीच दिसेना. सगळे दिवे कापसात गुंडाळलेले. लेन्सवर बोट टेकवलं तर ओलं. ओढणीच्या टोकानं पुसलं, दहा सेकंदांत पुन्हा पांढरं. पुन्हा पुसलं. फोटो आले ते असे, की प्रत्येक दिव्यातून एक लांब चट्टा निघालेला. मी आडवं पुसलं होतं, चट्टे उभे आले होते. ओशट काच एका दिशेला पुसली की उजेड तिच्या काटकोनात फराटतो. हीसुद्धा ठिपक्यानं सांगितलेलीच गोष्ट.

यामागचं गणित असं. ऑक्टोबरातल्या संध्याकाळी बाहेर २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर २४ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली गेलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं. एसी गाडीत तासभर बसलेली लेन्स २१-२२ अंशांवर आलेली असते. म्हणजे फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो तसा तिला फुटणार. पुसून उपयोग नाही, कारण काच अजून थंडच आहे. ती बाहेरच्याइतकी गरम व्हायलाच हवी.

उपाय एकच, धीर. कॅमेरा निघण्याआधी घट्ट झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालायचा, आतली हवा दाबून काढायची. पोहोचल्यावर पिशवी तशीच बंद ठेवून अर्धा-पाऊण तास बाहेरच्या हवेत राहू द्यायची. पाणी धरलं तर पिशवीवर धरेल, काचेवर नाही. मी आता कॅमेऱ्याची पिशवी गाडीच्या डिकीत ठेवते, तिथे एसी पोचत नाही, आणि मुक्कामी निळ्या आकाशाच्या तासभर आधी पोहोचते. वाफ धरलीच तर लेन्स कॅमेऱ्यापासून काढायची नाही, नाहीतर तीच दमट हवा आत सेन्सरवर जाते. आणि बाहेरची काच स्वच्छ दिसली म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. टॉर्च तिरका मारून बघा. आतल्या भिंगांवरची वाफ सगळ्यात शेवटी जाते.

थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, आतल्या भागात मध्यरात्रीनंतर एसीशिवायही असंच होतं. उघड्या आकाशाखाली काच हवेपेक्षा थंड होते आणि दंव पडतं. लेन्सचं हूड लावलं तर थोडं लांबवता येतं.

समुद्राजवळ वाफेला मीठ येऊन मिळतं. दोन तास किनाऱ्यावर काढले की काचेवर न दिसणारा थर बसतो. तो कोरड्या कापडानं घासायचा नाही. आधी हवेच्या पंपाने वाळूचे कण उडवायचे, मग लेन्सच्या द्रावणाचे दोन थेंब कापडावर, काचेवर नव्हे, आणि मधून कडेकडे गोल पुसायचं.

पावसाळ्याचं सांगायलाच नको. चार महिने कॅमेरा कपाटात कपड्यांत गुंडाळून ठेवला तर लेन्सच्या आत बुरशीची जाळी धरते. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक स्वस्तातलं आर्द्रतामापक, काटा ४० ते ५०च्या मध्ये. जेलचे दाणे रंग बदलले की वाळवून घ्यायचे. तांदळात ठेवू नका, त्याची धूळ नको तिथे शिरते.

फिल्टर

दुकानात कॅमेऱ्यासोबत "काचेला संरक्षण" म्हणून एक यूव्ही फिल्टर गळ्यात मारतात. दिवसा असू दे. रात्री काढा. समोरचा तेजस्वी दिवा सेन्सरवरून परावर्तित होऊन फिल्टरच्या सपाट काचेवर आपटतो आणि परत आत येतो, आणि मग पणजीच्या अटल सेतूच्या दिव्यांची उलटी हिरवी माळ पाण्यात नाही तर आकाशात लटकते. याहून जास्त सांगण्यासारखं यात काही नाही.

ज्याला दुरुस्ती लागत नाही

मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटी नांगरलेल्या असल्या तरी डुलतात. पंधरा सेकंदांत त्यांच्या पाट्या फराटणारच. बोट टोकदार हवी असेल तर आयएसओ १६०० करा, शटर एक सेकंदाच्या आत आणा आणि पाण्यावरचा गुळगुळीतपणा सोडून द्या. दोन्ही एका फोटोत मिळत नाही. साखळीला विठ्ठलापूरच्या वाळवंटी नदीवर त्रिपुरारी पौर्णिमेला सजवलेल्या होड्या निघतात, तिथे मी आठ सेकंदांचा हट्ट धरला आणि होड्यांच्या जागी उजेडाचे पट्टे आणले. घरच्यांना ते आवडले, मला नाहीत.

तारे हवे असतील तर ५०० ला १८ गुणिले १.६ ने भागा, साधारण १७ सेकंद येतात. त्यापुढे पृथ्वी फिरल्याचं दिसायला लागतं. तासाला १५ अंश म्हणजे काही कमी वेग नाही. चंद्राचं तर आणखी विचित्र. तो दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो आणि शिवाय उन्हातला दगड आहे, त्याला दिवसासारखंच एक्स्पोजर लागतं: आयएसओ १००, एफ ११, १/१००च्या आसपास. देऊळ नीट दिसेल असा फोटो घेतलात तर चंद्र पांढरी टिकली होणार. देऊळ आणि चंद्रावरचे डाग एकाच फोटोत हवे असतील तर दोन फोटो घ्या, नाहीतर चंद्र उगवताना, उजेड शिल्लक असताना घ्या.

नरकासुराच्या रात्री (दिवाळीच्या आदल्या रात्री गोव्यात त्याचे पुतळे निघतात तेव्हा), किंवा कुठल्याही एलईडी रोषणाईत, काही फोटो उजळ, काही मळकट आणि काहींत आडवे पट्टे येतात. वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/२०० ठेवलं तर कधी लुक सापडतो, कधी लुक हुकतो. १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातात. त्या गर्दीत ट्रायपॉड उघडायला जागाही नसते आणि उघडलात तर कोणीतरी अडखळेल, तेव्हा १८ वर, एफ ३.५, १/५०, आयएसओ ३२०० आणि पाठ भिंतीला.

रवाळपणा म्हणजे नॉइज. लोक आयएसओला घाबरून फोटो काळोखा काढतात आणि मग लॅपटॉपवर उजळवतात. त्याने रवा जास्त वाढतो. मागचा पडदा काळोखात नेहमीपेक्षा उजळ भासतो, म्हणून फोटो बरोबर वाटतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतला काळोख डावीकडे आणि उजेड उजवीकडे दाखवणारा आलेख, बघा. आलेखाचा डोंगर सगळा डाव्या भिंतीला चिकटला असेल तर उजेड कमी पडलाय. मेनूतलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू असेल तर तीस सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी तीस सेकंद "बिझी" म्हणत गप्प बसू शकतो. बिघडला नाही, शटर मिटून आणखी एक काळा फोटो काढून त्यातला रवा पहिल्यातून वजा करतोय. मी पहिल्यांदा बॅटरी काढून टाकली होती. तसं करू नका.

आता माझी खेप कशी असते

पोहोचले की आधी आयएसओ ६४०० वर एक चाचणीचा फोटो, लाजायचं नाही. फ्रेम बरोबर आहे का आणि उजेड किती आहे, एवढंच बघायचं. ६४०० वर अर्धा सेकंद पुरत असेल तर १०० वर त्याच्या ६४ पट, ३२ सेकंद. कॅमेरा ३० पर्यंत देतो, ते पुरतात. असं केलं की प्रत्येक प्रयोगाला अर्धा मिनिट थांबावं लागत नाही. मग स्टॅबिलायझर बंद, मोहरी, टेप, टायमर, फोटो. लगेच लांबच्या दिव्याचा ठिपका मोठा करून बघायचा, आणि बिघडला असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पूर्वी मी आयएसओ, अ‍ॅपर्चर, फोकस सगळं एकदम बदलायचे. मग फोटो सुधारला तरी कशानं सुधारला ते कळायचं नाही, आणि पुढच्या खेपेला पुन्हा अंधारात चाचपडणं.

मागच्या मे महिन्याच्या शेवटी सावईवेऱ्याला एका नातेवाइकांच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत गेले होते. पोफळींच्या मधून तारे, खाली पाटाचं पाणी. ट्रायपॉड दगडी बांधावर, वारा नाही, वाफ नाही, फिल्टर काढलेला. पंधरा सेकंदांचा पहिला फोटो मोठा केला तर तारे मोहरीसारखे, मांगराचा (बागेतल्या झोपडीचा) दिवा मोहरीसारखा, आणि पोफळींच्या बुंध्यांमधून मात्र हिरवट पिवळ्या ठिपक्यांची एक वाकडी तुटक रेघ. हलला म्हणावं तर बाकी सगळं स्थिर. फिल्टर नाही. दिवा लुकलुकतोय म्हणावं तर तिकडे दिवाच नाही. मी लेन्स पुसली, पुन्हा फोटो काढला. रेघ होतीच, पण या वेळी दुसरीकडे. तिसऱ्यात दोन रेघा. बॅटरी काढून घालायच्या बेतात होते.

भाचा माझ्या खांद्यावरून पडद्यात डोकावत होता. त्यानं पडद्यावरून नजर काढली, समोर अंधारात बघितलं आणि म्हणाला, "मावशी, काजवा आहे तो."